चौदा पुस्तकांचा जिना

मैथिलीच्या सिनेमात पुस्तकांवर पाय पडतो, हे तो तीनदा पाहूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं. हरिहर सरांच्या पहिल्याच वेळी आलं.

मैथिली माझी भाची. अमरावतीला राजापेठेत एका ट्यूशन क्लासच्या वरच्या खोलीत बसून तिने तीन वर्षांत बावीस मिनिटांचा ॲनिमेशनपट केला. खाली अकरावीची मुलं एका सुरात सूत्रं म्हणायची आणि वर ती एकेक चित्र काढायची. सिनेमाचं नाव 'वरची फळी'. बंद पडलेल्या शाळेच्या वाचनालयात रेघ नावाची मुलगी शिरते. ती एकाच काळ्या रेघेने काढलेली आहे, म्हणून तिचं नाव रेघ. तिथली पुस्तकं बोलतात आणि भांडतात. जाडजूड शब्दकोश सगळ्यांच्या चुका काढतो. पण रोज सगळ्यांची थोडी थोडी अक्षरं कमी होत असतात, कारण ती कसरबाई खाते. कसर म्हणजे जुन्या पुस्तकांतून सळकन पळणारा चंदेरी किडा. अगदी वरच्या फळीवर एकच पुस्तक उरलेलं असतं, ज्याला कसर लागलेली नाही. तिथपर्यंत पोचायला काही साधन नाही. तेव्हा चौदा पुस्तकं पायऱ्यांसारखी रचून उभी राहतात आणि रेघेला म्हणतात, "चढ." मागून चष्मा लावलेली कसरबाई येते. रेघ धावत वर जाते.

हा जिना चाळीस सेकंदांचा. मैथिलीला त्याला चार महिने लागले होते.

अकोल्याची एक संस्था अकोला आणि अमरावती या दोन्ही जिल्ह्यांतल्या चाळीस गावांत मुलांची रविवारची वाचनालयं चालवते. संस्थेने सिनेमा घेतला तर तो चाळीस गावांतली मुलं पाहणार होती. नाही घेतला तर तो मैथिलीच्या लॅपटॉपमध्येच राहणार होता. बावीस मिनिटांच्या मराठी बालचित्रपटाला दुसरी जागा मिळते का, हे तिने वर्षभर शोधून पाहिलं होतं. निर्णय दोघांच्या हातात होता. एक संस्थेचे अध्यक्ष हरिहर सर, निवृत्त मुख्याध्यापक, वय अठ्ठ्याहत्तर. दुसऱ्या अनसूयाबाई. त्यांची तीस वर्षं ग्रंथालयात गेली होती.

पहिला खेळ माझ्या बहिणीच्या, मायाच्या, बैठकीत झाला. संपल्यावर पडदे उघडले, तेव्हा सगळे एकदमच बोलू लागले.

"पोरगी फारच वाळकी काढलीस गं," माया म्हणाली.

"आई, ती रेघ आहे."

"असू दे. रेघ जरा जाड काढता आली असती."

अनसूयाबाईंनी वहीत टिपून ठेवलं होतं. "नवव्या मिनिटाला कोणीतरी पानाचा कोपरा दुमडलाय. तेवढ्यासाठी मी तीस वर्षं पोरांचे कान धरले. बाकी झकास. तो शब्दकोश तर आमच्या जुन्या साहेबांसारखाच खेकसतो."

हरिहर सर चहा संपेपर्यंत थांबले. कप बशीत ठेवून म्हणाले, "चित्रं सुंदर आहेत. पुस्तकांवर पाय दिलाय, तेवढा भाग काढा. सिनेमा घेऊ."

"पण सर, पुस्तकं स्वतःच म्हणतात ना तिला, चढ म्हणून."

"म्हणू देत. मोठी माणसं 'असू दे, असू दे' म्हणतातच. म्हणून आपण पाया पडायचं सोडतो का?"

"पुस्तकांवरूनच माणूस वर जातो, असा अर्थ आहे त्याचा."

"ते भाषणात ठीक आहे," सर म्हणाले. "चित्रात पाय दिसतात."

त्यांचा आवाज चढला नव्हता. ते पुढे म्हणाले, "धामणगावाजवळच्या एका शाळेत मी अकरा वर्षं होतो. एका पत्र्याच्या पेटीत ऐंशी पुस्तकं. पेटीला कुलूप नव्हतं. मी निघालो तेव्हा ऐंशीच्या ऐंशी होती. पोरांचा चुकून पाय लागला तरी ती थांबून पाया पडत. तेच कुलूप होतं. ते मी माझ्या हाताने कसं काढू?"

मैथिली म्हणाली, "मग ती वर जाणार कशी?"

"शिडी काढा एखादी."

"शिडी असती तर गोष्टच झाली नसती, सर."

"ते तुम्ही बघा. जानेवारीच्या बैठकीपर्यंत वेळ आहे."

सगळे गेल्यावर मैथिली बराच वेळ तेच चाळीस सेकंद पुढेमागे करत बसली. मग माझ्याकडे वळली. "मावशी, तू सांग. जिना चुकलाय का?"

"माझं मत म्हणजे एक मत. त्यावरून काय ठरणार?"

"तरी दे ना."

"मला जिना आवडतो. हे झालं एक. सरांना आवडत नाही, हे दुसरं. आता काय करशील?"

ती वैतागली. "तू ना, अळ्या मोजून मोजून अशी झालीस."

ते खरंच होतं. मी अकोल्याला कीटकशास्त्रात काम करते. हंगामात दर आठवड्याला ठरलेल्या शेतांत जाऊन कपाशीवरची गुलाबी बोंडअळी मोजते. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभं राहून शेतकऱ्याला विचारलं, अळी किती आहे, तर कोणी म्हणतं काहीच नाही, कोणी म्हणतं सगळं खाऊन टाकलं. म्हणून धुऱ्यावरची झाडं सोडून द्यायची, आत शिरायचं, वाकड्यातिकड्या वाटेने चालायचं, कुठलीही वीस हिरवी बोंडं तोडायची आणि फोडून पाहायची. मी मैथिलीला म्हटलं, "आत्तापर्यंत तू धुऱ्यावरच्याच माणसांना विचारलंस. सिनेमा ज्यांच्यासाठी केलास, त्यांची बोंडं अजून फोडलीच नाहीत."

"शी, मावशी!" ती म्हणाली. पण हसली.

नांदगाव पेठेच्या पलीकडे नत्थुजींचं शेत आहे. बारा वर्षं मी तिथे मोजणी करते आहे. त्यांच्या गावच्या शाळेची खोली रविवारी दुपारी मिळाली. खिडक्यांना नत्थुजींच्या बायकोने, जमुनाबाईंनी, कापूस वेचायच्या चादरी लावल्या. मी हरिहर सरांनाही कळवलं होतं. ते म्हणाले, "मीही येतो. बघू तरी तुमचं शास्त्र."

एकोणपन्नास मुलं आली. आधी येऊन पुढे बसलेली मी सोडली आणि मधूनमधून वीस मुलं निवडली. माझ्या तक्त्यात वीस ओळी होत्या आणि बावीस रकाने, मिनिटाला एक. त्या मिनिटाला मूल पडद्याकडे बघत असेल तर बरोबरची खूण, नसेल तर शून्य. सिनेमा कोणी केला हे सांगायचं नाही, असं मी मैथिलीला बजावलं होतं. ती मागे दाराशी, जमुनाबाईंच्या शेजारी बसली.

सुरू होण्याआधीच सातवीतली रागिणी मोठ्याने म्हणाली, "कार्टून लहान लेकराईसाठी असते. मी अशीच आली." तिची माझ्या तक्त्यात सहावी ओळ होती. त्या ओळीत पुढे बावीस खुणा झाल्या, एकही शून्य नाही.

पहिली आठ मिनिटं बेताची गेली. शब्दकोश बोलू लागला की हशा. नंतर पुस्तकं जरा लांबलचक दुःख सांगतात, त्या चौदाव्या मिनिटाला अकरा शून्यं पडली. मैथिलीचा तो लाडका भाग होता. मग जिना आला.

रेघेने पहिल्या पुस्तकावर पाय ठेवला. माझी पेन्सिल तयार होती, पण काय लिहायचं ते मला कळेना. मुलं पडद्याकडे बघत होती, त्यामुळे खूण तर करायचीच होती. पण त्याच वेळी ओळीओळीतून हात वर गेले. छातीला, मग कपाळाला. कोणी कोणाकडे बघून करत नव्हतं. आपला पाय लागल्यावर हात जसा आपोआप जातो, तसा तो रेघेच्या पायासाठी गेला. दुसरं पुस्तक, पुन्हा हात. तिसरं. रेघ धावत होती आणि मुलांचे हात मागे पडू लागले. कोणाचा छातीवरच राहिला, कोणी दोन पुस्तकांचा मिळून एक केला. खुसखुस सुरू झाली.

यासाठी माझ्याकडे रकानाच नव्हता. मुलं बघतील किंवा बघणार नाहीत, एवढंच मी धरून चालले होते. मी कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर मोजू लागले.

तेवढ्यात नत्थुजींची नात, तिसरीतली चंदा, उभीच राहिली आणि पडद्यावर ओरडली, "अवं थांब नं! पाया पड नं आधी!"

खोली हसून हसून फुटली. मी पाठीमागच्या बाजूवर आकडा लिहिला. वीस मुलांपैकी सोळा. मग भिंतीशी खुर्चीवर बसलेल्या सरांकडे माझी नजर गेली. त्यांचा उजवा हात नुकताच कपाळावरून खाली येत होता. ते नमुन्यात नव्हते. मी कोपऱ्यात वेगळी एक खूण केली.

सिनेमा संपल्यावर चादरी काढल्या आणि मतं सुरू झाली. ती गोळा करायला कष्ट पडले नाहीत, थांबवायलाच पडले.

"पुस्तकं बोलून राहिली, थे पटलं," नत्थुजी म्हणाले. "पन पोरगी एवढ्या आडजागी एकटीच काहून गेली? घरी कोनी इचारत नाई का तिले?"

जमुनाबाईंना कसरबाईची दया आली होती. "खाऊन खाऊन का खाते थे? कोरडा कागद. तिले कोनी भाकर टाकली असती, त कायले अक्षरं खाल्ली असती तिनं?"

"मले त कसरबाईच आवडली," मागून एक मुलगा म्हणाला. "थेच हिरो पायजे."

"हाट! मंग पुस्तकाईनं का करावं?"

मैथिली माझं बजावणं विसरून पुढे आली आणि चंदासमोर उकिडवी बसली. "तू ओरडलीस ना मघाशी? ती मुलगी जिन्यावर चढली ते चुकलं का गं?"

चंदाने तिला आपादमस्तक न्याहाळलं. "चढली त चढली. त्याचं काई नाई. पाय लागला त पाया पडाच लागते. मंग चढ म्हना."

"पण मागे कसरबाई येतेय ना? थांबली तर ती पकडेल. वेळ कुठेय तिला?"

"मंग पटापट पडायचं!" चंदा म्हणाली. एवढंही कळत नाही का, असा तिचा चेहरा होता.

आता रागिणीला राहवलं नाही. "काई पकडत नाई. कसरबाईचे बी पाय पुस्तकाईले लागूनच राहिले ना? तिले बी पाया पडा लागन. रेघेले एका पायरीले एक डाव. तिले सहा डाव."

"सहा का?" मैथिलीने विचारलं.

"कीटकाले सहा पाय असते. सायन्सच्या पुस्तकात हाये. या सिनेमावाल्यानं आठ काढले, पन सहाच असते." तिने बोटांवर हिशेब केला. "चौदा सक चौऱ्याऐंशी डाव पडा लागन तिले. भलकशी लेट होईन."

मैथिली हळूच माझ्याकडे वळली. "मावशी, आठ काढलेत मी?"

"हो."

"तुला माहीत होतं?"

"पहिल्यांदा पाहिला तेव्हाच मोजले होते. तू विचारलं नाहीस."

"तू ना!" ती म्हणाली, पण तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. फळ्याखालच्या डब्यातला खडू घेऊन ती फळ्यावर काढू लागली होती. एक पायरी, तिच्यावर रेघ, वाकून हात कपाळाला. खाली सहा पाय असलेली कसरबाई, एकेका पायासाठी एकेक नमस्कार करणारी, चौथ्या पायाशी पोचेतो वर रेघ पुढच्या पायरीवर. मुलं भोवती जमली. "तिचा चष्मा पडू द्या, मॅडम!" "तिले मधात मोजनं भुलू द्या! पुन्हा पयल्यापासून!" मैथिली पुसत होती, काढत होती. सिनेमा कोणाचा हे आता लपलं नव्हतं. रागिणी जरा मागे सरकली, पण आठ पायांबद्दलच्या तिच्या मतात काही फरक पडला नाही.

हरिहर सर खुर्चीवरून उठले. फळ्याकडे बघून म्हणाले, "मी पाय काढायला सांगितले होते. तुम्ही वाढवताय."

"दोन कमी केले, सर," मैथिली म्हणाली. "आठाचे सहा."

सर हसले नाहीत. "पूर्ण झाल्यावर बघू," एवढंच म्हणाले.

परतीच्या वाटेवर मी तिला चौदाव्या मिनिटाची अकरा शून्यं दाखवली. ती रागावली. मुलांना दुःख कळत नाही, म्हणाली, बसायला सतरंजी टोचत होती, म्हणाली. राजापेठेत गाडी गर्दीत अडकली तेव्हा म्हणाली, "अर्धं मिनिट कमी करते. जास्त नाही."

पुढचा दीड महिना तिने जिना नव्याने काढला. चाळीस सेकंदांची दोन मिनिटं झाली. माया रोज डबा घेऊन वर जायची आणि रिकामा डबा व एक तक्रार घेऊन खाली यायची. तिच्या मते कसरबाई आता नायिकेपेक्षा गुटगुटीत दिसत होती.

जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी अकोल्याला संस्थेच्या सभागृहात बैठक होती. अनसूयाबाईंनी सुचवलं की मुलांशिवाय बालचित्रपट पाहणं म्हणजे जेवणाऱ्यांशिवाय पंगत वाढणं. त्यांनी जवळच्या शाळेतली ऐंशी मुलं बोलावली. "अकोल्याची पोरं अमरावतीसारखी ओरडणार नाहीत," अनसूयाबाई मैथिलीला म्हणाल्या. "आमची शहाणी आहेत. शांत बसतात." त्यांना धीर द्यायचा होता. मैथिली आणखीच घाबरली.

मी या वेळी तक्ता नेला नव्हता. सरांच्या मागच्या रांगेत बसले.

आधीची सतरा मिनिटं मुलं खरंच शहाण्यासारखी बसली. चौदाव्या मिनिटाला दुःख अर्ध्या मिनिटाने कमी झालं होतं. मग पुस्तकं जिन्यासारखी उभी राहिली. रेघेने पाय ठेवला, वाकली, नमस्कार केला. दुसरी पायरी, नमस्कार. खाली कसरबाई आली, पहिल्या पुस्तकावर चढली, थबकली, आपल्या सहा पायांकडे पाहिलं आणि सुस्कारा सोडून सुरुवात केली. सभागृहात पहिला हशा तिथे झाला. चौथ्या पायरीपासून मुलं मोठ्याने मोजू लागली. एका बाजूची मुलं रेघेचे मोजत होती, दुसऱ्या बाजूची कसरबाईचे. कसरबाई एकदा मोजणं चुकली तर अर्धं सभागृह तिला ओरडून आकडा सांगत होतं. शहाणपण संपलं होतं.

अकरा. रेघेचा श्वास चढलेला. बारावं पुस्तक पातळ होतं, ती ते एका ढांगेत ओलांडून सरळ तेराव्यावर गेली. बाराव्याला पाय ओझरता लागला. नमस्कार केलाच नाही.

"राहिलं! राहिलं! बारावं राहिलं!"

ऐंशी मुलं उभी राहून ओरडत होती. पण सगळ्यांच्या आधी जो आवाज आला, तो माझ्या पुढच्या रांगेतून आला होता. जाड, वर्गभर पोचणारा, मुख्याध्यापकाचा आवाज. सर अर्धवट उठले होते आणि काठीने पडद्याकडे दाखवत होते. अनसूयाबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या.

रेघ थांबली नाही. वर पोचली, पुस्तक उचललं. पुढची चार मिनिटं मुलांनी ऐकली असं मला वाटत नाही. ती एकमेकांना बारावं पुस्तक समजावून सांगत होती.

मुलं गेल्यावर सरांनी मैथिलीला बोलावलं. "बाराव्या पायरीला चूक झालीय."

"चूक नाही, सर. तसंच काढलंय."

"का?"

"घाईत माणूस विसरतं. सगळ्या पायऱ्यांना केला असता तर मुलं नुसती मोजत बसली असती. आता त्यांना माहीत आहे आणि रेघेला नाही."

सरांनी विचार केला. "तरी विसरणं बरोबर नाही. तेराव्या पायरीवरून वळून करू दे. दोन सेकंदांचं काम. मग मी आत्ता सही करतो."

सहीचा कागद सरांसमोर होता. चाळीस गावं त्या कागदावर होती, आणि सर मागत होते ते खरंच दोन सेकंदांचं काम होतं. मला वाटलं, मैथिली हो म्हणेल. मी तिच्या जागी असते तर म्हटलं असतं.

"नाही, सर," ती म्हणाली. "तिने केला तर मुलं ओरडणार नाहीत. आणि ती ओरडतात तेव्हा तुमच्या पेटीचं कुलूप तीच लावत असतात. रेघ नाही लावत."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. मग अनसूयाबाईंकडे.

"माझ्याकडे काय बघता?" अनसूयाबाई म्हणाल्या. "सगळ्यांत आधी तुम्हीच ओरडलात. मी कानांनी ऐकलं."

सरांनी खिशातून पेन काढलं. टोपण काढायला वेळ घेतला. संस्थेच्या कागदावर 'अध्यक्षांचे मत' अशी एक ओळ असते, एरवी ते तिथे 'योग्य' एवढंच लिहितात. या वेळी ओळ पुरली नाही, समासात वळावं लागलं. लिहून त्यांनी कागद मैथिलीकडे सरकवला.

'चित्रपट चाळीसही वाचनालयांत दाखवावा. बाराव्या पायरीबद्दल माझे मत वेगळे आहे व ते कायम राहील.' खाली सही आणि तारीख.

मैथिलीने ते दोनदा वाचलं. "हे चालेल का, सर? नापसंती लिहून सही?"

"का नाही चालणार?" सर म्हणाले. "पहिला खेळ कुठे ठेवताय? मुलांना मागे बसवू नका. जिना मागून नीट दिसत नाही."